होळीच्या दिवशीचं कुलूप

नव्वदच्या दशकात आम्ही लखनौला मानक नगरमध्ये रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. नवरा इंजिनिअर, मी घरी, पदरात लहान मुलगी. गाव मला आवडलं होतं, फक्त तिथली होळी सोडून. आमच्याकडे साताऱ्याला होळीला पुरणपोळी खायची, तोंडावर हात आपटत बोंब मारायची आणि रंगासाठी पंचमीपर्यंत दम धरायचा. इथे दुसऱ्या दिवशी सकाळीच टोळकी दार ठोठावायची, आणि दार उघडलं की संपलंच.

एका होळीला खालच्या मजल्यावरचे शेजारी असेच घरात घुसले. बँकेतले, एरवी अगदी अदबीने बोलणारे गृहस्थ. मी नको नको म्हणत असताना त्यांनी मूठभर गुलाल उधळला आणि तो माझ्या कडेवरच्या तान्ह्या पोरीच्या डोळ्यांत गेला. ती किंचाळायला लागली. ते गृहस्थ हसत म्हणाले, "बुरा न मानो, भाभीजी, होली है!" मी बुरा मानला. जिन्यात सगळ्यांसमोर त्यांना शुद्ध मराठीत असं काही सुनावलं की शब्द कळले नाहीत तरी अर्थ पोचला. डोळे दोन दिवसांत निवळले, पण अबोला वर्षभर टिकला. जिन्यात ते समोर आले की मी भिंतीकडे बघत असे.

त्याच वर्षी नवऱ्याने एक खटाटोप केला होता. कॉलनीच्या फाटकावर, चौकीदाराच्या खोलीबाहेर, काचेचं दार असलेली लाल लोखंडी पेटी बसवून घेतली. आत आकडे आणि आकड्यांवर प्रत्येक क्वार्टरच्या कुलपाची दुसरी किल्ली, बाहेर काच फोडायला टांगलेली छोटी हातोडी. आग लागली आणि घर बंद असलं, तर बंबवाल्यांनी काच फोडावी, किल्ली घ्यावी, दार तोडत बसू नये. लोकांनी थट्टा केली. "चाबी भी टाँग दें, चोर को चाय भी पिला दें?" असं म्हणत काहींनी भलत्याच किल्ल्या आणून टांगल्या. आमची मात्र खरी होती.

पुढच्या होळीला रंगाच्या दिवशीच नवऱ्याला ड्युटीवर जावं लागलं. मी म्हटलं, बाहेरून कुलूप लावून जा. कुलूप दिसलं की माणसं परत जातील. "आणि काही लागलं तर?" तो म्हणाला. "तुमची लाल पेटी आहे ना," मी म्हटलं. तो कुलूप लावून गेला. मी बेत चोख केला होता. कुकरची शिटी नको, म्हणून गॅससुद्धा पेटवला नाही. मायलेकी आदल्या दिवशीच्या पोळ्या दुधात कुस्करून खात, कुजबुजत बसलो. टोळकी आली, कुलूप बघून "अरे, मराठी साहब तो निकल लिए" म्हणत गेली. मला गुदगुल्या झाल्या. वाटलं, कसे फसले!

थोड्या वेळाने दाराच्या फटीतून काळा धूर आत आला.

आधी वाटलं कुणी तरी टवाळकी करतंय. मग रबर जळाल्याचा वास आला आणि खालून "आग! आग!" असा ओरडा. जिन्याखाली स्कूटर लावलेल्या असत आणि तिथेच विजेचे मीटर. कुणी म्हणालं पिचकारीचं पाणी मीटरमध्ये गेलं, कुणी म्हणालं वायरिंगच जुनं होतं. मी आतली कडी काढून दार ओढलं. ते दोन बोटं उघडलं आणि कुलपाने अडलं. त्या फटीतून धूर असा भसकन आला की मी दार लोटून पोरीला उचलून मागच्या बाल्कनीत पळाले. तिथे माकडांसाठी लावलेली लोखंडी जाळी. समोर नाला आणि पलीकडे भिंत, माणूस नाही. मी जाळी हलवली, ओरडले, शेवटी तोंडावर हात आपटून होळीची बोंब मारली. पलीकडे ढोल वाजत होते. त्या दिवशी लखनौमध्ये बोंब कुणाला ऐकू जाणार?

पोर खोकायला लागली. ओला टॉवेल तिच्या तोंडावर धरून मी पुन्हा दाराकडे धावले, तेवढ्यात जिन्यात बुटांचा आवाज आला. बंब आला होता. कुणी तरी विचारलं, "इसमें कोई है?" दुसरा आवाज म्हणाला, "नहीं, ताला लगा है। ये लोग बाहर गए हैं।"

मी ओरडले. म्हणजे तोंड उघडलं, घशातून फक्त खोकला निघाला. दारावर थापा मारल्या, तोवर बूट खाली गेले होते. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही. माझ्याच हुशारीने मी माझ्या लेकीला कोंडून घातलं होतं आणि सगळं जग माझ्यावर विश्वास ठेवून निघून गेलं होतं. मी फरशीवर बसले, तिला पोटाशी घेतलं. ती आता रडतही नव्हती.

मग पुन्हा पावलं, धावत. कुलपात किल्ली खडखडली, निसटली, पुन्हा लागली. दार उघडलं. समोर बंबवाला आणि त्याच्या पुढे डोक्यापासून गळ्यापर्यंत चंदेरी रंग फासलेला माणूस. त्याने पोरीला माझ्या हातातून घेतलं, छातीशी दाबलं आणि धुरातून खाली उतरला. मागोमाग बंबवाल्याने मला धरून नेलं. मोकळ्या हवेत पोरीने मोठा श्वास घेतला आणि भोकाड पसरलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तिच्या फ्रॉकवर चंदेरी डाग होते आणि लाल डाग होते. मी वळून बघितलं, तर तो माणूस गर्दीत मिसळला होता. सगळेच चेहरे रंगलेले, ओळखणार कुणाला?

नवरा संध्याकाळी आला. फ्रॉक भिजवताना चंदेरी तसाच राहिला आणि लाल मात्र तपकिरी झाला. तो रंग नव्हता. फाटकावरच्या पेटीची हातोडी कधीच कुणी तरी पळवली होती, काच मुठीनेच फोडली होती. कुणी, ते चौकीदाराने नवऱ्याला सांगितलं होतं.

मी मुलीला घेतलं आणि उरलेल्या पोळ्या डब्यात भरून खालच्या मजल्यावर गेले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांची बेल वाजवली. दार त्यांनीच उघडलं. अंघोळ झालेली, कानामागे अजून थोडा चंदेरी, उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी.

"सब लोग बोल रहे थे कि हम बाहर गए हैं," मी कशीबशी म्हणाले. "आपको कैसे पता चला?"



"और सबके लिए आप बाहर गई थीं," ते पट्टीकडे बघत हळूच म्हणाले. "वो ताला तो हमारे लिए लगा था, भाभीजी।"

पोरीने त्यांच्याकडे झेप घेतली आणि मी तिला जाऊ दिलं.