चैत्रानं पुसलेला ठसा

ही गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितली आहे की मेव्हण्याला ती तोंडपाठ आहे. खरी मात्र एकदाही सांगितलेली नाही — बायकोला नाही, लेकीला तर नाहीच. तुम्हाला सांगतो. तुम्ही माझे कोण? कोणी नाही. म्हणूनच जमेल बहुतेक.

आधी माझी लायकी ऐका. मी मूळचा निपाणीचा, नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, आणि आयुष्यात रॅकेट धरली ती डास मारायची. तरी माझी मुलगी, गार्गी, टेनिसच्या स्पर्धा खेळायला लागली आणि मी टोपी, गॉगल, केळी असा सरंजाम घेऊन कोर्टाच्या जाळीला चिकटायला लागलो. बायको म्हणायची, "खेळते ती, घाम तुम्हाला."

मुलांच्या स्पर्धांत प्रत्येक कोर्टावर पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, ते ज्याचं त्यानं सांगायचं. चौदा वर्षांच्या पोरांच्या इमानावर सगळा कारभार — मला याचं अजून नवल वाटतं. आमच्या ऑफिसात कप कोणाच्या हातून फुटला तेही कोणी सांगत नाही. लाल मातीच्या कोर्टावर बॉलचा ठसा उमटतो. शंका आली तर तो दाखवायचा, समोरच्यानं मान डोलावली की पायानं पुसून टाकायचा. नाहीतर पुढच्या वेळी जुना कुठला, नवा कुठला कळत नाही. सगळेच पुसतात. गार्गीही पुसायची. आणि हे मला तेव्हा चांगलं माहीत होतं.

त्या दिवशी समोर चैत्रा होती. काटकुळी, कपाळाला आठी घालून खेळणारी. पहिला सेट अगदी टोकाला आलेला. गार्गीचा फटका मागच्या रेषेपाशी पडला. चैत्रानं बोट वर केलं — बाहेर. रॅकेटनं ठशाभोवती गोल काढला. गार्गीनं नेटपाशी येऊन पाहिलं, मान डोलावली. चैत्रानं ठसा पुसला. संपलं होतं हो. मुलींनी मिटवलं होतं.

आणि मी जाळीमागून ओरडलो, "आत होता. नाहीतर पुसला कशाला?"

रेफ्री आला. पुसलेल्या मातीत बघणार काय? माझ्या शेजारीच चैत्राची आई उभी होती. तिनं हळू आवाजात विचारलं, "अण्णा, नीवु नोडिद्रा?" तुम्ही पाहिलंत का? आमच्या सीमेकडच्या माणसाला कन्नड कळत नाही म्हणायचीही सोय नाही. मी म्हणालो, "नोडिदे." पाहिलं. आत होता.

पाहिलं होतं, हे खरंच. बॉल बाहेर होता — चांगला दोन बोटं. मी जाळीला इतका चिकटलो होतो की ठशाची कडसुद्धा दिसत होती. मग ओरडलो का? पॉइंट हवा होता. दुसरं काही नाही.

पॉइंट काही बदलला नाही. पण रेफ्री पुढचा सगळा सामना चैत्रावर नजर ठेवून तिच्या पाठीशी उभा होता. तिची सर्व्हिस नेटमध्ये जायला लागली. ती हरली. परतताना बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना गार्गीनं विचारलं, "बाबा, खरंच आत होता? मला बाहेर वाटला."

"तू लांब होतीस," मी म्हणालो. तिनं विश्वास ठेवला. घरात माझी नजर घारीची ठरली, आणि कोर्टावर चैत्राचं नाव पडलं — डस्टर. ते नाव मी ठेवलेलं नाही. पण दिवाळीला सगळे जमले की गोष्टीत मीठमसाला म्हणून मी ते वापरत आलो. हशा हमखास.

चैत्रा खेळ सोडेल असं वाटलं होतं. सोडला तर बरं, असंही वाटलं होतं — हे सांगताना जीभ अडखळतेय. तिनं नाही सोडला. उलट शंका आली की समोरच्या मुलीला नेट ओलांडून आपल्या बाजूला बोलवायची, वाकून बघायला लावायची. एकदा पंचानं चुकून तिला पॉइंट दिला, तो तिनं स्वतः जाऊन परत केला, आणि तो सामना गमावला. मी तिथेच होतो. टाळी वाजवावीशी वाटली. हात खिशातच राहिले. आता ती लहान मुलांना शिकवते. घोटा सुजलेल्या पोराला, त्याच्या बापाशी भांडून, कोर्टाबाहेर काढताना मी तिला पाहिलं आहे. बाप कसा ओरडत होता म्हणता? माझ्यासारखाच.

गेल्या महिन्यात टेनिस संघटनेला खेळाडूंच्या तक्रारी ऐकायला, त्यांच्या दुखण्याखुपण्याकडे बघायला एक समिती नेमायची होती. चैत्राचं नाव पुढे आलं. पालकांच्या बैठकीत मागून कोणीतरी म्हणालं, "तीच ना, डस्टर? आता ती इमानदारी तपासणार?" लोक हसले. गार्गी आता कॉलेजात आहे, मोठ्या मनाची आहे. ती उठली. म्हणाली, "बाबांनी स्वतः पाहिलं होतं, ते मी नाकारत नाही. पण तेव्हा ती लहान होती. माफ करूया ना."

चैत्रा बसल्या जागेवरून कन्नडमध्ये बोलली, अगदी शांतपणे. "माफी नको, गार्गी. बॉल बाहेर होता."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गार्गीनंही. एक वाक्य बोलायचं होतं — तेही लेकीच्या बाजूनं नाही, विरुद्ध नाही, नुसतं खरं. मी बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी प्यायलो. बराच वेळ प्यायलो.

समितीत दुसरं नाव गेलं. वाद नको म्हणून.

लोक उठले. मी खुर्च्या गोळा करायला लागलो. अशा वेळी माणूस फार उपयोगी होतो. पलीकडून चैत्राही खुर्च्या रचत येत होती. माझा ढीग कलताना तिला दिसला. जवळ येऊन तिनं वरच्या दोन खुर्च्या उचलल्या, "स्वल्प जड आहेत, अंकल" म्हणाली, आणि घेऊन गेली.