शाळा सुटताना

पत्नी गेल्यानंतर मुलीसाठी दिवसभराची बालवाडी शोधत मी वसईत फिरत होतो. एका शाळेच्या फाटकापाशी, भिंतीवरच्या रंगीत पाट्या वाचत असताना, नातवासाठी शाळा बघायला गिरीजहून आलेल्या एक आजी भेटल्या. त्यांचं नाव मी विचारलं नाही. केळं सोलून त्यांनी अर्धं माझ्या मुलीच्या हातात ठेवलं.

“हिची आय कामाला जाते काय रे?”

“आई नाही. मला मुंबईहून यायला रोज उशीर होणार.”

त्यांनी मुलीच्या केसांवरून हात फिरवला. “मग पाट्या काय वाचतोस? सुटेपर्यंत थांब. शेवटचं पोर उरतं ना, त्याच्याजवळ कोन बसतं ते बघ.”

शाळा सुटली. एकच मुलगा उरला. बाई पायरीवर त्याच्याशेजारी बसल्या आणि त्याच्याबरोबर रस्त्याकडे बघत राहिल्या. माझं बोट सोडून मुलगी त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.