अण्णांचा डावा गाल

बोटाच्या पेरांनी डाव्या गालावर टकटक करायचं आणि म्हणायचं, "इकडची लाइन बंद आहे." अण्णांची स्वतःची ओळख करून द्यायची ही रीत. नवा भाडेकरू येवो, कुणाचा पाहुणा येवो, आधी गाल वाजायचा, मग नाव. अण्णा तारऑफिसात होते, त्यामुळे दुखणंसुद्धा खात्याच्या भाषेत सांगायचे.

गालात गाठ झाली होती. ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि त्या बाजूची जाणीवही गेली. गरम, गार, डास, चिमटा, काही म्हणता काही कळायचं नाही. दाढी करताना वस्तरा लागला तरी पत्ता नसायचा. एकदा शर्टाची कॉलर लाल झालेली, आणि हे तसेच ऑफिसला निघालेले. आमचं मल्लेश्वरमचं वठार म्हणजे एका अंगणाभोवती ओळीनं बांधलेली भाड्याची घरं. फाटक एकच. त्या फाटकाशी मीच त्यांना अडवलं आणि त्यांच्या बायकोला, अक्कांना, हाक मारली.

तेव्हापासून डावा गाल अक्कांकडे गेला. उजवी बाजू अण्णा स्वतः उरकायचे आणि मागच्या पायरीवर बसून तोंड वर करायचे. अक्का पुढ्यात उभ्या राहून त्यांची हनुवटी धरायच्या. "हलू नका स्वल्प," एवढंच बोलणं. अख्खं वठार रोज हे बघायचं, पण कुणी त्यावरून चेष्टा केली नाही. चेष्टेत आम्ही कुणाला हार जाणारे होतो असं मात्र समजू नका.

अक्का तापानं गेल्या. दुखणं असं फार दिवसांचं नव्हतंच. अण्णा रडले नाहीत. दहाव्याला न्हाव्यानं डोकं, मिशा, दाढी सगळं उतरवलं. मग ते पूर्वीसारखे ऑफिसला जाऊ लागले, वेळेवर जेवू लागले, उजवा गाल रोज करू लागले. डावा तसाच वाढला. अर्धा चेहरा तुळतुळीत आणि अर्ध्यावर पांढरी दाढी. न्हावी दारात आला की "नाळे बा", म्हणजे उद्या ये, म्हणून त्याला परत पाठवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गाल वाजवणं मात्र थांबलं. आता काहीही सांगा, उत्तर एकच, "सरी", म्हणजे कानडीतलं बरं. "अण्णा, भात वाढू?" "सरी." "अण्णा, छत्री घ्या, पाऊस येतोय." "सरी." आणि छत्री न घेताच जायचे.

त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, सुधाचं, लग्न ठरलं. मुलगा हुबळीचा. मांडव आमच्याच अंगणात पडणार होता. एका दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"काकू, कन्यादानाला अप्पा असेच उभे राहणार?"

मी म्हटलं, "लोकांचं काय घेऊन बसतेस!"

"लोकांचं नाही हो. आईनं असं उभं राहू दिलं असतं का?"

त्या घरात दुसऱ्या कुणाचा हात त्या गालाला लागू द्यायचा नाही, हे सगळ्यांना न सांगता कळलं होतं.

नेमकं त्याच सुमारास आमच्या ह्यांनी चिकपेटेच्या बाजारातून एक स्वस्तातला वस्तरा आणला. पातं बरं होतं, मूठ मात्र आठवड्याच्या आत तडकली. टाकून द्यायचा सोडून हे नवी मूठ घडवायला बसले. समोरच्या मास्तरांना ते बघून राहवेना, त्यांनीही तसलाच वस्तरा आणला. दोन बिनकामाचे पुरुष एकत्र आले की स्पर्धा ठरायला कितीसा वेळ लागतो? मूठ ज्याची त्यानं करायची, आणि रविवारी अंगणात सगळ्यांसमोर त्याच वस्तऱ्यानं स्वतःची दाढी करायची. परीक्षक मी, कारण बक्षिसाचे चिरोटे मीच तळणार होते. पुरुषांच्या हाती कानस आली की घराचं काय होतं ते विचारू नका. माझ्या परातीत लाकडाचा भुसा होता. तेवढ्या दिवसांत आम्ही बायकांनी वर्षाचे सांडगे घातले असते.

अण्णांनीही वस्तरा आणला. विचारलं तर म्हणाले, "सरी, मी पण." मागच्या पायरीवर बसून ते शिसवीचा तुकडा घासायचे. थोडं घासलं की डोळे मिटून चाचपायचे आणि पुन्हा घासायचे. सुधा हरखली. "काकू, अप्पा दाढी करणार!" मलाही बरं वाटलं, आणि भीतीही वाटली.

रविवारी अंगणात आरसा टांगला. आमच्या ह्यांची मूठ क्रिकेटच्या बॅटीएवढी. मास्तरांनी चंदनाची केली होती, वास सुरेख, पण वस्तरा असा काही मिटला की उघडायला पक्कड आणावी लागली. हनुवटी कापून घेतली तरी ते "चन्नागिदे, चन्नागिदे" म्हणत स्वतःचंच कौतुक करत होते.

मग अण्णा उठले. त्यांची मूठ काळीभोर, बारीक, कुठं ओरखडा नाही. चिरोटे अण्णांचे, असं मी मनात ठरवूनही टाकलं. त्यांनी दोन्ही गालांना फेस लावला. त्यांनी वस्तरा उघडला. पण त्यांच्या रुंद पंजात ती मूठ हरवूनच गेली. बोटांना जागा मिळेना. त्यांनी तो उलटा धरून पाहिला, मग पुन्हा सुलटा. पातं लटपटत होतं.

"अण्णा, मूठ स्वल्प लहान झाली का?" मास्तरांनी हळूच विचारलं.

अण्णांनी मुठीवरून अंगठा फिरवला. "तिची बोटं कुठं यायची ते रोज बघत होतो," ते म्हणाले. "तेवढंच माप मला ठाऊक."

गालावरचा फेस सुकत चालला.

सुधा पायऱ्या उतरून आली. तिनं त्यांच्या हातातून वस्तरा घेतला. तिच्या हातात तो नीट बसला. मला वाटलं, आता अण्णा 'नाळे' म्हणणार. तिनं त्यांची हनुवटी धरली आणि म्हणाली, "हलू नका स्वल्प, अप्पा." अण्णांनी तोंड वर केलं.

तिला सवय नव्हती, फार सावकाश चाललं. पांढरे केस फेसाबरोबर खाली पडत होते. शेवटी तिच्या डोळ्यांतलं पाणी टपकन त्याच गालावर पडलं. अण्णांना कळलं नाही.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

त्या दिवशी चिरोटे कुणी खाल्ले ते मला आठवत नाही.

लग्नाच्या सकाळी हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सारून तिनंच त्यांची दाढी केली. कन्यादानाला अण्णा दोन्ही गालांनी उभे राहिले. वरात हुबळीला गेली. दुसऱ्या दिवशी ते मागच्या पायरीवर बसले, उजवी बाजू केली आणि सवयीनं तोंड वर केलं. तसेच बसून राहिले. मग वस्तरा पुसला, मिटला आणि आत गेले. आमचे हे एकदा मुद्दाम गेले, म्हणाले, "अण्णा, मी करू का?" अण्णा म्हणाले, "नाळे बघू."

पेन्शन झाल्यावर ते तंजावरला भावाकडे निघाले. घोड्याचा जटका फाटकाशी आला, सामान चढलं. आम्ही सगळे बाहेर आलो, हाका मारल्या, हात हलवले. अण्णा समोर बघत बसले होते. आमच्याकडे त्यांची डावी बाजू होती. जटका निघाला तशी वाऱ्यानं ती पांढरी दाढी उडून तोंडावर येत होती. ती मागे सारायला त्यांचा हात काही वर गेला नाही.