मोतिया की बदामी

लग्न होऊन मी सांगलीहून बनारसला आले, त्याच वर्षी सासऱ्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते निवृत्त संस्कृत शिक्षक. रामघाटावरच्या घरात पुढच्या खोलीत बसून शिकवण्या घेत. पट्टी निघाली आणि त्यांना तिथल्या भिंती मळकट वाटू लागल्या.

"पुताई करून घेऊ," ते म्हणाले. मी चित्रकला शिकलेली, म्हणून रंग निवडायचं माझ्याकडे आलं.

मी दोन काढले, मोतिया आणि बदामी. रंगाऱ्याने भिंतीवर दोन्हींचे पट्टे शेजारी शेजारी ओढले. ऑपरेशन झालेल्या नव्या डोळ्याला उजेड खुपतो म्हणून सासऱ्यांनी तो मिटून घेतला होता.

"दोन्ही एकच आहेत की."

"नाही बाबा. हा पांढरट आहे, हा पिवळट."

मग त्यांनी तो डोळा उघडला आणि दुसरा झाकला. "हा तर निळा आहे. निळा का आणलास?"

मोतिया निळा नव्हता. पण ते इतक्या खात्रीने बोलले की मीच एकेक डोळा मिटून बघायला लागले. सासूबाई चहा घेऊन आल्या, त्यांना ट्यूबलाइटखाली बदामी हिरवट दिसला. मला काहीच कळेना.

सासरे आता भिंत सोडून सासूबाईंकडे बघत होते.

"तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"झाले त्याला पुष्कळ दिवस. तुम्ही कधी काही बोलला नाहीत."

"मला पिवळसर दिसायचे. दिव्यामुळे असेल, असं वाटायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इतके दिवस मी काय बघत होतो गं?"

पुढच्या तपासणीला मी हेच डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर म्हणाले, नव्या डोळ्याला दिसतं तेच खरं. सासऱ्यांना ते पटलं नाही. "जुन्या डोळ्याने मी आख्खा जन्म वाचन केलंय," म्हणाले. पट्टे होळीपर्यंत तसेच राहिले. मग दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. त्यांनी आळीपाळीने एकेक डोळा झाकून पाहिलं आणि म्हणाले, "मोतिया."

खोली रंगवून झाली. तरी ते शिकवायला मागच्या ओसरीवरच बसू लागले. मी विचारलं तर म्हणाले, "रंग छान आहे. पण आत गेलो की दुसऱ्याच्या घरी आल्यासारखं होतं."

रंग चुकला का, हे मी सासूबाईंना विचारलं. त्यांनाही सांगता येईना. मग पावसाळ्यात एका सकाळी सासऱ्यांची चटई पुन्हा पुढच्या खोलीत अंथरलेली दिसली. मुलं आली आणि तिथेच शिकवणी सुरू झाली.