शिवेबाहेरचं न खाणारा देवराव

देवरावच्या घरी पाहुणा आला की पाणी नंतर, आधी त्याची पिशवी. ओसरीवरच तो ती उलटी करायचा. लुगडी-धोतरं, पानाचा डबा बाजूला ठेवायचा आणि खायचं काही निघालं की विचारायचा, "कुठलं?" गावाच्या शिवेबाहेरचं असलं तर ते उंबरा ओलांडत नसे. एकदा त्याच्या सख्ख्या बहिणीने त्याच्या नातीसाठी बिस्किटाचा पुडा आणला. पोरगी हात पुढे करून उभी होती. देवरावने पुडा फोडला, एकेक बिस्कीट बैलाच्या शेणात दाबलं आणि म्हणाला, "खा आता. खाऊन दाखव." पोरगी रडलीसुद्धा नाही, इतकी भ्याली. बहीण पाणी न पिता उठली आणि आपल्या गावाच्या, तामसीच्या रस्त्याला लागली. त्यानंतर ती आली ती भावाच्या मयतीलाच.

मी सटवा, त्याचा शेजारी. बांधाला बांध, भिंतीला भिंत. तो चार-सहा वर्षांनी मोठा म्हणून दादा म्हणायचो, बाकी त्याचं मी काही लागत नव्हतो. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून मी असं सलग काही लिहिलेलं नाही. पण हल्ली शिकलेली पोरं गावात येतात, देवरावच्या फोटोला हार घालतात, आपल्या मातीतलं खाणारा साधुपुरुष म्हणतात. त्यांनी त्याला पाहिलेलं नाही. मी पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

ऐंशी सालानंतर रेशनच्या दुकानात सरकारचा स्वस्त तांदूळ यायला लागला, तेव्हा आमची आदिलाबादकडची मराठी गावं भाकरी सोडून भातावर गेली. ज्वारीचं रान कापसाने घेतलं. कापूस भैंशाच्या बाजारात नेला की रोख पैसा हातात. देवराव एकटा हटून बसला. ज्वारी, तूर, करडी, सगळं स्वतःच्या रानातलं. तेवढ्यावर गप्प बसता तर कोणाचं काय बिघडलं असतं? पण रेशनच्या रांगेशेजारी उभा राहून तो एकेकाला टोचायचा. "सरकारचा भात खाता, मंग सरकारलेच बाप म्हना!" रांगेत सीताबाई होती, नवरा गेलेली, रोजमजुरीवर जगणारी. ती म्हणाली, "बापू, तुमच्या कनगीत ज्वारी हाय. माह्या कनगीत उंदरं हायेत."

"मंग उंदरं खाय," देवराव म्हणाला. "शिवेतलेच हायेत थे."

सारी रांग हसली. मीही हसलो. सीताबाई तांदूळ न घेता रिकामी थैली झटकत घरी गेली.

त्याच सुमारास एका संस्थेने मधमाशा पाळायच्या पेट्या वाटल्या. आमच्या सातेरी माशा, ज्या झाडाच्या ढोलीत राहतात, त्या लाकडी पेटीत वसवायच्या आणि पोळं न पिळता मध काढायचा. बाकीच्यांच्या पेट्यांत पुढे कोंबड्या बसल्या. देवरावच्या पेट्या मात्र भरल्या. बांधावर चिंचेखाली त्यांची ओळ लागली. कारळ फुललं की मध पिवळा उतरायचा, मोहाच्या दिवसांत काळपट. हैदराबादेहून झोळीवाले लोक यायला लागले. गावचं पिकलेलं गावानेच खावं, अशा सभा ते आदिलाबादेत भरवायचे आणि देवरावला वर खुर्ची द्यायचे. तिथे तो मधाची बाटली उजेडात धरून म्हणायचा, "ह्यात शिवेबाहेरचा एक थेंब नाई." लोक टाळ्या वाजवायचे. टाळीची चटक दारूपेक्षा वाईट.

मी एकदा छेडलं, "दादा, माशीले शिव कोनं दाखवली? थे तर पल्याडच्या गावात जाऊनही चरत असंन."

"सटवा," तो म्हणाला, "माशी घरचं सोडून जात नाई. बाहेर तोंड मारते थे तुह्यासारखं मानूस."

त्याचा मुलगा विठ्ठल गरीब गाय. बापापुढे शब्द नाही. त्याची बायको कमला मंचेरियलची. बाप कोळशाच्या खाणीत, क्वार्टरात वाढलेली, तेलुगू शाळेत शिकलेली, तिन्ही त्रिकाळ भात खाणारी. लग्न ठरवताना देवरावने भाताचं काही काढलं नाही. ती घरात आल्यावर काढलं. पहिल्या दिवसापासून तिला ज्वारीचं पीठ. तिची भाकर फाटायची, कडेला तुटायची. देवराव ती उचलून पाहुण्यांना दाखवायचा, "हे पाहा, सूनबाईनं नकाशा काढला. कोनता मुलूख हाय वळखा." तव्याने बोटं भाजली तर म्हणायचा, "शिकून राह्यली, शिकू द्या." ती शिकली. वर्षाच्या आत तिची भाकर माझ्या बायकोपेक्षा पातळ व्हायला लागली. त्यानंतर त्याने भाकर दाखवणं बंद केलं, पण चांगली झाली असं कधी म्हणाला नाही.

पेटीचं कामही त्याने तिला असंच शिकवलं. उघड्या हाताने पोळ्याची चौकट उचलायला लावली. पहिल्या दिवशी मनगट भोपळ्यासारखं सुजलं. "हात झटकशीन तर अजून डसतीन," एवढंच तो म्हणाला. पण त्या घरात कमलाला आपलं वाटणारं काही असेल तर त्या पेट्याच. गुडघे धरल्यावर देवरावचं बांधावर जाणं सुटलं आणि सगळ्या पेट्या तिच्याकडे आल्या. ती त्यांच्याशी तेलुगूत बोलायची. घरात तिला तेलुगू बोलायची बंदी होती.

एका वर्षी पावसाची झड लागली ती उघडेचना. रानात फूल नाही, माशांना बाहेर पडता येईना. पेटीच्या दारात मेलेल्या अळ्यांचा खच पडायला लागला. उपाशी माशा आपली पिल्लं बाहेर टाकतात. अशा वेळी माशा पाळणारे साखरेचं पाणी देतात. कमलाने विचारलं, "मामाजी, थोडी साखर देऊ का?"

"साखर आपल्या शिवेत पिकते का?"

"नाई."

"मंग काऊन इचारतं? मरतीन थ्या मरू दे. उरतीन थ्या माह्या."

साखर आमच्या घरातून गेली. माझी बायको द्यायची, कमला पदराखाली न्यायची. मला सगळं ठाऊक होतं. मी बोललो नाही, कारण माझ्या डब्यातली साखर कोणाला द्यायची हे देवरावने ठरवायचं नव्हतं. कमला पाक करून नारळाच्या करवंटीत ओतायची, माशा बुडू नयेत म्हणून वर ज्वारीच्या धाटाचे तुकडे टाकायची आणि करवंटी पेटीत ठेवायची. माशा तगल्या. भाद्रपदात ऊन पडलं तेव्हा सगळ्या पेट्या घुमत होत्या, आणि देवराव गावभर सांगत होता, "पाह्यलं? आपल्या शिवेची माशी उपाशी मरत नाई!"

नेमके तेव्हाच हैदराबादचे लोक पेट्या पाहायला आले. गुडघे दुखत असताना देवराव काठी टेकत बांधावर गेला. कमला पुढे झाली, "मामाजी, मी उघडते," म्हणाली. त्याने तिला हाताने मागे सारलं आणि स्वतः झाकण काढलं. आत करवंटी. तळाला पाक, पाकात ज्वारीची धाटं. कमलाच्या ध्यानातून ती एक काढायची राहिली होती.

पाहुण्यांत एक बाई होती. ती समजुतीने म्हणाली, "पावसाळ्यात सगळेच देतात हो. ते पाणी माशा खाऊन टाकतात, मधात नाही येत." ती खरं बोलली. पण देवरावला त्या बाईने माफी दिली, हेच त्याला सोसलं नाही. त्याने झाकण परत लावलं. पाहुण्यांना भाकर-पिठलं वाढलं, वाटी वाटी मध दिला, गाडीपर्यंत सोडायला गेला.

मग बांधावर येऊन बसला. मला वाटलं, राग निवतो आहे. तसं नव्हतं. तो माशा घरी यायची वाट पाहत होता. दिवस मावळायला शेवटची माशी आत गेली तसा उठला आणि चिखलाचा गोळा करून एकेका पेटीचं दार लिंपलं. मग पेट्यांवर सरपणातल्या कापसाच्या पऱ्हाट्या रचल्या आणि सुनेला हाक मारली.

"तूच पाजलं. तूच पेटव."

"नाई पेटवत," कमला म्हणाली. त्या घरात पहिल्यांदा ती नाही म्हणाली.

मी म्हणालो, "दादा, एक पेटी मले दे. माही साखर हाय तिच्यात."

"तुह्या साखरेची राख घेऊन जाय."

त्याने घासलेट ओतलं. घासलेट मात्र रेशनचं होतं. पेटलेल्या पेटीतून आधी मोठा घोंगावा उठतो, मग तो बारीक होत जातो. विठ्ठल घरात जाऊन बसला. कमला शेवटपर्यंत उभी राहिली. सगळं विझल्यावर ती घरी आली, पोरीचं तोंड धुतलं आणि पीठ मळायला बसली.

गावाला वाटलं, सकाळच्या बसने ती माहेरी जाईल. ती गेली नाही. तिने रेशनचा तांदूळ आणला, दुसरी चूल मांडली आणि सासऱ्याच्या डोळ्यांसमोर आपला आणि पोरीचा भात शिजवायला लागली. त्याच्या ताटात भाकर वेळेवर पडायची. शब्द मात्र एकही नाही. झोळीवाले येत, देवराव त्यांना मधाच्या गोष्टी सांगे; पेट्यांचं विचारलं तर म्हणे, "रोग आला."

पुढे सात-आठ वर्षांनी त्याने अंथरूण धरलं. तोवर विठ्ठलने सगळं रान कापसात घातलं होतं. गावात ज्वारीचं धाट औषधाला उरलं नव्हतं. म्हातारा आपल्या कणगीतली जुनी ज्वारी पुरवून खात होता, तिचाही तळ लागला. दात गेलेले, गिळवत नव्हतं. भाताची पेज आणली तर ओठ घट्ट मिटायचा. मी बसलो होतो तेव्हा म्हणाला, "सटवा, ज्वारीची आंबील पाज रे कोनी."

दुसऱ्या दिवशी कमला आंबील घेऊन आली. वाटीतून वाफ निघत होती. देवरावने मान उचलली, वास घेतला. ओठ उघडले. आणि सवयीने विचारलं, "कुठली?"

मी तिच्याकडे पाहून डोळ्यांनी खुणावलं. आपल्याच शिवेतली आहे, असं म्हण. म्हातारं मरून राह्यलं, कोण बघायला जातं?

"भैंशाची," कमला म्हणाली. "बाजारातून आनली. शिवेबाहेरची हाय, मामाजी. आता चोरून काही पाजत नाई मी."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग ओठ मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं.

कमला उठली नाही. तिथेच त्याच्या उशाशी बसून, फुंकर घालत घालत, तिने ती आंबील पिऊन टाकली.