नवी गोळी माधवला मिळाली

लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा झाला, त्या वर्षी आमची पलटण ईशान्येकडे, सीमेवरच्या जंगलात होती. मी नायक, दहा जवानांच्या तुकडीचा सेक्शन कमांडर. माझ्या खालोखाल लान्स नायक माधव, किनवट तालुक्यातल्या इस्लापूरचा. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघे नांदेडला एकाच रांगेतून भरती झालो. लातूरकडच्या चाकूरला आमचं किराणा दुकान होतं, पण गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. माधव दुष्काळी कामावर खडी फोडायचा, तिथून थेट आला होता.

मला त्याचा हेवा वाटायचा. आडपडदा न ठेवता सांगतो. फायरिंगमध्ये तो पुढे, व्हॉलीबॉलमध्ये तो पुढे. जवान हुकूम माझा ऐकायचे आणि घरची सुखदुःखं त्याला सांगायचे. आमचा जिल्हा नवा झाल्याची खबर आली तेव्हा मी लंगरमध्ये सगळ्यांना गूळ वाटला. माधव म्हणाला, "जिल्हा झाला, लई चांगलं. पाणी कवा यायचं तेवढं इचार." सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला लागलं.

चौकीवर शत्रूपेक्षा मलेरिया जास्त माणसं पाडायचा. संध्याकाळच्या रोल कॉलला बाह्या खाली, हातापायांना डासांचं तेल. आठवड्यातून एकदा गोळी परेड. गोळी जिभेवर, पाण्याचा घोट, मग हवालदाराला तोंड उघडून दाखवायचं. तरी ताप यायचाच. तिथला मलेरिया आता क्लोरोक्विनला दाद देत नव्हता. ताप उतरायचा, माणूस ड्यूटीवर जायचा आणि पुन्हा हुडहुडी भरायची.

आमचे डॉक्टर कॅप्टन साहेब त्याच संशोधनात होते. त्यांच्याकडे एक नवी गोळी तपासायला आली होती, एकदाच घ्यायची. तयार असलेल्या आजाऱ्यानं बंद पाकीट उचलायचं. कुणाला नवी निघायची, कुणाला जुनी. कोणती किती गुणकारी, ते रक्ताच्या स्लाइडवरून ठरणार होतं.

एका गस्तीवरून आलो आणि आम्ही दोघेही तापानं पडलो. एमआय रूममध्ये, म्हणजे चौकीच्या दवाखान्यात, शेजारी शेजारी खाटा. दोघांनीही पाकीट उचलायला होकार दिला. माझ्या पाकिटात जुनी निघाली. माधवला नवी.

पाकीटसुद्धा याच्याच बाजूचं. अंगात एवढा ताप, तरी माझा जळफळाट झाला.

"तुझं नशीब लई जोरावर हाय," मी म्हणालो.

"तुला पायजे का?"

"हाव."

त्यानं दाढीचं ब्लेड काढलं आणि गोळीचे सरळ दोन तुकडे केले. "कामावर सुकडी मिळायची, तवा घरी अशीच वाटून खायचो. निम्मी निम्मी. कुणी उपाशी मेलं न्हाई. घे."

मी हात पुढे केला. तेवढ्यात डॉक्टर साहेब आत आले. ते मराठी नव्हते.

"ये रोटी है क्या?" त्यांनी विचारलं. "आधी गोली से बीमारी मरती नहीं, होशियार हो जाती है. पुरानी दवा ऐसे ही तो बेकार हुई."

त्यांनी दोन्ही तुकडे माधवलाच गिळायला लावले, समोर उभं राहून. मग तोंड उघडायला लावलं. मला माझी जुनी गोळी.

माधव चार दिवसांत खणखणीत झाला. त्याची स्लाइड साफ. माझाही ताप उतरला, पण आठवडाभरात उलटला. स्लाइडमध्ये जंतू तसेच. साहेबांनी क्विनीनचं सलाइन लावलं. त्यानं कानांत सारखी घणघण व्हायची. पलीकडं माधव व्हॉलीबॉल खेळायचा, त्याचा आवाज त्या घणघणीतूनही ऐकू यायचा.

गस्तीची पाळी आमच्या सेक्शनची आली. सकाळी माधव पूर्ण किटमध्ये खाटेजवळ आला.

"शिवलिंग, तुझं सेक्शन घेऊन चाललो. समदे परत आणतो."

"माझंच हाय, ध्यानात ठेव," मी म्हणालो आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुपारी शेजारच्या तंबूतला वायरलेस बोलायला लागला. ऑपरेटर ओरडून विचारत होता; चार्ली टू म्हणजे आमचंच सेक्शन.

"चार्ली टू. नाल्यावर फायर आलाय. ओव्हर."

"कॅज्युअल्टी सांगा. ओव्हर."

"एक. सेक्शन कमांडर. ओव्हर."

सेक्शन कमांडर मी होतो. मी सलाइनची सुई टोचलेल्या हाताकडे बघत पडून राहिलो.

बाकी सगळे परत आले. त्यांनी माधवला ग्राउंडशीटमध्ये आणलं. पुढे चालत होता म्हणून पहिली गोळी त्याला लागली. सेक्शन कमांडर पुढेच चालतो.

सिक लीव्हवर मी चाकूरच्या आधी इस्लापूरला गेलो. माधवची आई ओसरीवर बसली होती, जवळ शेजारीण होती. मी पाया पडलो, पलटणीचं नाव सांगितलं. म्हातारी माझ्या उतरलेल्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुमाला बी ताप होता का, बाबा?"

"हाव, माय. दोघांना संगंच."

"त्यानं कळवलं होतं. नवी गोळी निघाली म्हणं, ती त्यालाच गावली."

"हाव. त्यालाच."

"गुण आला का?"

"लगेच आला. मला आला न्हाई."

तिकडं किनवटच्या जंगलपट्ट्यात तापानं गेलेली माणसं तिनं खूप पाहिली होती. नवराही त्यातलाच. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि शेजारणीला सांगितलं, "ऐकलंस का? माझा माधव तापानं न्हाई गेला. बरा होऊन गेला."