ग्रँड म्हणजे नको

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या विद्यापीठात मराठी मुलींचं एक मंडळ होतं. २०२० मध्ये सगळंच बंद झालं तेव्हा तेही बंद पडलं. पुढे वार्षिक सभा झाली नाही म्हणून नोंदणीही गेली. मला फारसं वाईट वाटलं नाही. मंडळाला एक अध्यक्षा, दोन उपाध्यक्षा आणि एक मानद सल्लागार होत्या. सभासद त्याहून थोड्याच जास्त. हॉलमध्ये ज्योत लावायला परवानगी नसल्यामुळे दीपप्रज्वलन बॅटरीच्या मेणबत्तीवर होई, भाषणं मात्र पूर्ण लांबीची. पीएचडीला आल्यावर मी एकदा त्यांच्या हळदीकुंकवाला गेले होते. पुन्हा गेले नाही.

२०२१च्या सप्टेंबरात एमएस्सी करायला पुण्याहून एक मुलगी आमच्या प्रयोगशाळेत आली. महिन्याभराने म्हणाली, "ताई, मला ते मंडळ परत सुरू करायचंय."

"कशाला? भाषणं द्यायला?"

"बोलायला. इथे मी मराठी फक्त तुमच्याशी बोलते, तेही पिपेटबद्दल. आईला रोज सांगते की खूप मैत्रिणी झाल्यात."

मी विद्यापीठाचे नियम काढून बघितले.

जुन्या मुली पदव्या घेऊन गेल्या होत्या. माजी अध्यक्षा दूर रिंगास्किडी गावात औषधांच्या कारखान्यात नोकरीला होत्या. नव्या नोंदणीसाठी नियमाप्रमाणे सध्या शिकणाऱ्या पंधराजणांच्या सह्या हव्या होत्या, देश कुठलाही चालेल. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत. हुकली तर पुढचा सप्टेंबर, आणि तोवर तिचा कोर्स संपणार. मला सोडून मराठी मुली मिळाल्या आठ, तिच्यासकट. उरलेल्या सात सह्यांसाठी ती वर्गातल्या आयरिश मुलींकडे गेली.

बुधवारी हसत आली. "झालं ताई. सातही जणी हो म्हणाल्या."

"सह्या कुठायत?"

"उद्या घेते. सामील होणार का विचारलं, तर प्रत्येकीने म्हटलं, 'आय ॲम ग्रँड'."

मी पिपेट खाली ठेवली. "अगं, इथे नुसतं 'ग्रँड' म्हणजे 'छान, चालेल'. पण कुणाला चहा विचारला आणि ती 'आय ॲम ग्रँड' म्हणाली, तर तिला चहा नकोय."

"सातही जणींना?"

"सातही जणींना."

"मग हसल्या कशाला?"

"नको म्हणताना इथे हसतात."

ती बराच वेळ हातमोजे काढत बसली. मग मी तिला सांगितलं, सामील व्हा म्हणू नकोस, नुसती सही माग; कामाचा वास आला की कुणीही पळतं. गुरुवारी सहाजणींनी सही दिली. एकीने जेवण असेल का तेवढं विचारलं. सातवी कोविड होऊन घरी बसली होती.

शुक्रवारी चार वाजता तिने चौदा सह्यांचा कागद माझ्यासमोर ठेवला.

"ताई, तुम्ही?"

"आय ॲम ग्रँड," मी म्हटलं.

"त्याचा अर्थ आता मला कळतो," ती म्हणाली. पण कागद उचलला नाही.

मी सही केली. अट एकच घातली, दीपप्रज्वलन करायचं नाही.

"ग्रँड," ती म्हणाली आणि कागद घेऊन जिन्याकडे धावली.